बांध, मानस आणि नगरपालिका

“हवामानबदलाचा कायदा करणे हे दिल्लीचे काम, डिचोली-पेडण्याचे नव्हे,” असे एका विद्यार्थ्याने मला वर्गात सांगितले. उत्तर अर्धेच बरोबर होते. उरलेल्या अर्ध्याचा येथे विचार करू.

प्रथम खाजने घेऊ. पेडणे महालात शापोरा व तेरेखोल या नद्यांतून भरतीचे खारे पाणी आत येते. ते अडविण्यासाठी पूर्वजांनी मातीचे बांध घातले व त्यांत मानस बसविली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते. यंत्रावाचून चालणारी ही व्यवस्था नियमावाचून मात्र चालत नाही. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच न बुजविल्यास त्याचे भगदाड होते. म्हणून ते कोणी बुजवावे, खर्च कोणी सोसावा, हे गावकरीने ठरविलेले असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर हा भार कूळ संघटनांवर आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला हे न्याय्यच झाले. पण बांध राखण्याची शिस्त पुष्कळ ठिकाणी ढिली पडली. समुद्राची पातळी वाढत असता ही ढिलाई परवडणारी नाही.

आता शहर. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी १८ विषयांची बारावी अनुसूची जोडली. तीत नगरनियोजन, पाणीपुरवठा व पर्यावरणरक्षण आहे. परंतु हे अधिकार विधिमंडळ ‘देऊ शकेल’ असे घटना म्हणते, ‘देईल’ असे नव्हे. व्याकरणाच्या तासाला मी हा भेद मुद्दाम समजावतो. परिणामी १९६८ च्या कायद्याखालील आमच्या नगरपालिका उपविधी करतात, गटारे उपसतात. टेकडी वा शेत कोणत्या झोनमध्ये, हे मात्र १९७४ च्या नगरनियोजन कायद्याखाली पणजीत ठरते. २०२४ साली त्यात कलम ३९-अ घालून एकेका जागेचा झोन बदलण्याची वाट उघडली. डोंगर कापला की त्याचे पाणी खाली आमच्या बाजारात उतरते, हे सांगावयास अभियंता लागत नाही. जुलै २०२१ च्या पुराने पेडणे-डिचोलीत घरे व शेते बुडविली, ते अद्याप कोणी विसरलेले नाही.

तरी एक दार आहे. जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सभासद पंचायती व नगरपालिकांच्या निवडलेल्या सभासदांतून यावे लागतात, आणि जिल्ह्याच्या आराखड्यात पाण्याची वाटणी व पर्यावरणाचे जतन यांचा विचार करणे घटनेनेच सांगितले आहे. गोव्याने २०२० ते २०३० या काळासाठी हवामान कृती आराखडाही केला आहे. त्यातील आपल्या ओहोळाचे व बांधाचे काय, हे आपल्या नगरसेवकाने समितीत विचारावे. आणि त्याने विचारले का, हे आपण विचारावे.

विचारल्याने काय होते? २०१६ साली वृक्षसंरक्षण कायद्यातून माड वगळला गेला. लोकांनी गवगवा केला, आणि पुढच्याच वर्षी विधानसभेला तो परत घ्यावा लागला.