जूनपासून उलटं मोजायचं

22 जुलै 2021च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस पडायला पुण्याला जवळजवळ अख्खा पावसाळा लागतो. हजार चौरस फुटांचं छप्पर धरलं, तर त्या एका दिवसात त्यावर सुमारे 55 हजार लिटर पाणी उतरलं. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. असा दिवस दर वर्षी येत नाही, पण वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस ठरलेला, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे घर दुरुस्तीला काढणाऱ्याने आर्किटेक्टच्याही आधी या चार महिन्यांशी बोलणी करावीत.

इंग्रजांनी ही बोलणी सोपी करून टाकली होती: पावसाळ्यात ते इथे राहतच नसत. 1828-29च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात मालकम पेठ वसली. पुढे मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत मुंबईला, असा फिरता झाला. जून लागला की बंगल्यांच्या भिंती गवताने शाकारायच्या, दारं-खिडक्या बंद करायच्या आणि पाऊस सरल्यावर उघडायच्या. उंच जोती, उतरती कौलं, खोल पडव्या आणि जांभ्याच्या जाड भिंती ही सगळी रचना बंद राहून पाऊस सोसण्यासाठी होती. आजच्या मालकाला मात्र धुकं बघायला ऑगस्टमध्येच यायचं असतं. त्याला प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम हवं, दरीच्या बाजूला मोठी काच हवी, चहा प्यायला सपाट गच्ची हवी. जुन्या घराचं पहिलं दुखणं इथून सुरू होतं.

आमचं घर अशाच जुन्या वळणाचं, जांभ्याचं आणि कौलारू. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची, आणि पट्टा आजोबांच्या नावावर. वारसांची नावं लागेपर्यंत दिवाळी गेली, थंडी गेली. परवानगीचा कागद हाती आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. ठेकेदार देशावरचा. दोन्ही पाखी एकदम उतरवली की काम लवकर उरकतं, असं त्याचं म्हणणं. मैदानात ते खरंही असेल. एप्रिलच्या अखेरीस वळीव आला, ताडपत्री फाटली आणि तक्तपोशीच्या फळ्या रात्रभर भिजल्या. जांभा सच्छिद्र दगड. त्याने पाणी पिऊन घेतलं. पाऊस तोंडावर आला म्हणून मे महिन्यात त्याच ओल्या भिंतींवर सिमेंटचं प्लॅस्टर चढलं. गणपतीपर्यंत त्याला लोणा लागला आणि दिवाळीत त्याचे पोपडे झाडूने गोळा करावे लागले.

या अनुभवातून निघालेलं पहिलं वेळापत्रक कागदांचं आहे, आणि ते आदल्या पावसाळ्यात सुरू होतं. काम बंद असतं तेव्हा कागद हलवावेत. मिळकत पत्रिकेवर कोणाची नावं आहेत, भाडेपट्ट्याची मुदत कधीपर्यंत आहे, त्यातल्या अटी बांधकामाबद्दल काय म्हणतात, हे जूनमध्येच तपासावं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारच्या 17 जानेवारी 2001च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. झाड तोडायचं असेल तर ते स्वतःच्या आवारातलं असलं तरी परवानगी लागते.

पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांची इथे एक हमखास गफलत होते. 2020च्या डिसेंबरपासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. पण गिरिस्थान नगर परिषदा आणि संवेदनशील क्षेत्रं तिच्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे पुण्यात चालणारा नकाशा महाबळेश्वरात चालेलच असं नाही. नगर रचना अधिनियम 1966च्या कलम 43 प्रमाणे, इमारतीच्या बाह्य स्वरूपात ठळक फरक पडत नसेल अशा देखभाल-दुरुस्तीला विकास परवानगी लागत नाही. मात्र कौलं काढून पत्रा घालणं किंवा पडवी बंद करून खोली करणं म्हणजे बाह्य स्वरूप बदलणंच. वारसा यादीतलं घर असेल तर त्याचे नियम आणखी वेगळे. नगर परिषदेत आधी लेखी विचारून ठेवलेलं बरं.

त्याच पावसाळ्यात दुसरं काम करायचं: खडू घेऊन घरभर फिरायचं. गळती कुठून येते हे जानेवारीत कोणालाच सांगता येत नाही. जुलैत ती स्वतः दिसते. ओल खालून चढते की वरून उतरते, वारा कोणत्या भिंतीवर झड मारतो, पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागतं का, पन्हळ कुठे तुंबते, हे सगळं तारखेसह फोटो काढून ठेवावं. आमच्याकडे छपरावर खर्च करायचं ठरत होतं. जुलैत फिरल्यावर कळलं की अर्धी ओल मागच्या उतारावरून जोत्याकडे येत होती आणि तिला छप्पर नव्हे, एक चर हवा होता.

प्रत्यक्ष काम मोजायचं ते जूनकडून मागे. 15 मेपर्यंत घर बंदिस्त झालंच पाहिजे, कारण वळवाचा भरवसा नाही. म्हणजे रंग आणि किरकोळ कामं एप्रिलमध्ये, प्लॅस्टर मार्चमध्ये, स्लॅब असेल तर फेब्रुवारीच्या आत. काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात. टेकू गाळ्याच्या लांबीप्रमाणे 7 ते 14 दिवस ठेवावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तेव्हा सिमेंटही सावकाश घट्ट होतं. त्या दिवसांत टेकू काढायची घाई नको. छप्पर आणि सुतारकाम नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत उरकावं, आणि एका वेळी एकच पाखं उघडावं. ऑक्टोबर भिंती सुकायला सोडून द्यावा. जुन्या जांभ्यावर सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करावा; त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. तो जाणणारा गवंडी आधीच शोधून ठेवावा लागतो.

अडचण अशी, की कामाचे कोरडे महिने तेच पर्यटनाचेही महिने. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी पसरणी घाटात वाळूचा ट्रक तासन्‌तास अडकतो. मजुरांना राहायला स्वस्त खोली मिळत नाही. माल आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे चढवावा, आणि मजुरांच्या राहण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, त्यामुळे क्युरिंगच्या टँकरचाही हिशेब मांडावा. सिमेंट मात्र लागेल तसंच आणावं. कोरड्या गोदामातही तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. धुक्यात ठेवलेल्या पोत्याला तेवढा वेळ लागत नाही.

राहिला करार. आमच्या पहिल्या करारात कामाची यादी होती, दर होते, हप्ते होते. पावसाचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या वेळी तो पहिल्याच पानावर घातला. उघडं पाखं त्याच आठवड्यात झाकायचं, भिजलेल्या भिंतीवर प्लॅस्टर करायचं नाही, 15 मे उलटला तर उरलेलं काम ऑक्टोबरवर टाकायचं पण घर उघडं सोडायचं नाही, आणि बिलाचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा बघून द्यायचा. मेढ्याकडच्या नव्या ठेकेदाराने कागद शांतपणे वाचला. शेवटच्या अटीवर बोट ठेवून तो म्हणाला, “दसऱ्यापर्यंत थांबतो, पण जुलैत मला बोलवा. गळतंय कुठं ते दोघांनी मिळून बघू.” ते वाक्यही आम्ही करारात लिहून घेतलं.