विहिरीतील पोहणारा व थेंबातील पोहणारा

भालकी-बसवकल्याणकडील आमच्या खेड्यांतून पोहण्याचे शिक्षण विहिरीतच होते. पाठीस सुका भोपळा बांधून शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे की, भिंतीस पायाने रेटा दिला म्हणजे हातपाय न हलविताही शरीर पाच-सहा हात पुढे जाते.

त्याच विहिरीतील शेवाळाचे पाणी आम्ही शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा निराळाच प्रकार दिसला. चपलेच्या आकाराचा पॅरामिशियम थांबला की जागच्या जागी थांबे. तसूभरही पुढे सरकत नसे. पाणी तेच, मग हा भेद का?

उत्तर एका भागाकारात आहे. पोहणाऱ्याची लांबी व वेग यांचा गुणाकार करावा. द्रवाची श्यानता, म्हणजे चिकटपणा, तिला घनतेने भागून जी संख्या येते तिने त्या गुणाकारास भागावे. पाण्यापुरती ही संख्या दर सेकंदास सुमारे १ चौरस मिलिमीटर आहे, त्यामुळे हिशेब तोंडीही होतो. येणाऱ्या फलास रेनल्ड्स अंक म्हणतात. दीड मीटर उंचीचा मुलगा सेकंदास अर्धा मीटर पोहला, तर १५०० × ५०० = ७,५०,०००. पॅरामिशियम सुमारे ०.२ मिलिमीटर लांब, वेग सेकंदास १ मिलिमीटर; अंक ०.२. जंतूचा तर ०.००२ × ०.०३ = ०.००००६!

अंक मोठा असता जडत्वाचा प्रभाव. एकाहून पुष्कळ लहान असता श्यानतेचा. थंड काकवीच्या हौदात उतरून घड्याळाच्या तासकाट्याच्या गतीने हातपाय हलवावे, तशी या जीवांची स्थिती. शेपटी थांबताच जंतू अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थांबतो, असे एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ च्या व्याख्यानात हिशेबाने दाखविले.

जडत्व गेले की वेगाची मातब्बरीही जाते. वल्हे जोराने मागे ओढा व हळूच पुढे आणा. जितके गेलात तितकेच परत याल. गेल्या वाटेनेच परतणारी हालचाल येथे फुकट! केंब्रिजचे गणिती जी. आय. टेलर यांनी १९५१ मध्ये शेपटीवरून धावणाऱ्या लाटेचे गणित मांडून पोहणे कसे साधते ते सिद्ध केले. पुढे एका शैक्षणिक चित्रपटात त्यांनी दोन खेळणी दाखविली. शेपूट इकडून तिकडे हलविणारा मासा पाण्यात पोहला, दाट पाकात मात्र जागीच वळवळला; मळसूत्री शेपटीचे खेळणे पाकातही पुढे गेले. पॅरामिशियमचे रोमही जाताना ताठ व परतताना वाकलेले असतात.

एकाचे गणित असे सुटते, थव्याचे अवघड. आपल्याच राज्यातील बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आदिती सिंहा व श्रीराम रामस्वामी यांनी २००२ मध्ये गणिताने दाखविले की, एका दिशेने पोहणाऱ्या अशा जीवांच्या मोठ्या थव्याची रांग टिकत नाही. त्यांनीच ढवळलेला द्रव ती मोडून टाकतो.