नावेचे नाव

इयत्ता सातवी, परिसर अभ्यास



मराठीत 'नाव' या शब्दाकडे दोन कामे आहेत. नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे आपण हाक मारतो तेही. पूर्वीच्या पुस्तकांत हाक मारायच्या नावावर अनुस्वार देऊन 'नांव' असे लिहीत, त्यामुळे घोटाळा होत नसे. १९६२ च्या लेखननियमांनी तो अनुस्वार गेला. आता 'नावेचे नाव' असे लिहिले की पहिलीतली मुले हसतात. हसू दे. मला मात्र हा विषय गुरुजींनी दिला तेव्हा हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

गुरुजींनी आम्हाला वही-पेन्सिल घेऊन बंदरावर नेले आणि सांगितले, "दिसेल त्या नौकेचे नाव उतरवून घ्या. नाव कशावरून ठेवले ते मालकाला नमस्कार करून विचारा." आम्ही नाखवांना विचारत फिरलो. सर्वांत जास्त नावे देवांची निघाली. महालक्ष्मी, जय हनुमान, गणेशकृपा, साईप्रसाद, अल मदिना, सेंट झेवियर. त्यानंतर मुलींची नावे. दर्याची नावे थोडी, दर्यासागर, दर्याराज अशी. एका नौकेचे नाव 'मेहनत' होते. तिचे मालक म्हणाले, "देवाचं नाव देवाला ठेवलं. आमच्याकडं मेहनत होती, तीच लिवली." हे उत्तर आम्हा सर्वांना आवडले.

एक गंमत अशी की पाटीवरचे नाव एक आणि लोकांच्या तोंडी दुसरेच. 'महालक्ष्मी'ला सगळे बंदर 'पिवळी' म्हणते, कारण ती पिवळी आहे. असे जगात पूर्वीपासून चालते. कोलंबस १४९२ साली तीन जहाजे घेऊन निघाला, त्यांतल्या 'नीन्या'चे खरे नाव 'सांता क्लारा' होते. मालकाचे आडनाव नीन्यो, म्हणून ती नीन्या. आपल्याकडचे उदाहरण दुःखाचे आहे. कच्छच्या मांडवीहून मुंबईला येणारी 'वैतरणा' नावाची आगबोट होती. नाव आपल्या वैतरणा नदीचेच. पण त्या बोटीवर विजेचे दिवे होते आणि तेव्हा लोकांना त्यांचे फार अप्रूप, म्हणून सगळे तिला 'विजळी' म्हणू लागले. १८८८ च्या नोव्हेंबरात ती वादळात सापडली आणि शेकडो माणसांसह नाहीशी झाली. कोणीही परत आले नाही. गुजरातेत तिची गाणी झाली, तीही विजळीच्या नावाने. वैतरणा हे नाव कागदावरच राहिले.

आता आपल्या मुलखातल्या एका बोटीविषयी. मुंबईहून रेवसला जाणाऱ्या एका बोटीचे नाव समर्थांवरून 'रामदास' असे होते. त्या कंपनीला लोक आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे असत, 'तुकाराम' नावाचीही एक होती. माणसे श्रद्धेने चढत. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलंडली. सहाशेहून जास्त माणसे गेली. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता आणि माणसे सणाला घरी निघाली होती. माझी आजी सांगते की, त्यानंतर कित्येक वर्षे आमच्याकडे पावसाळ्यात बोटीने जायचे म्हटले की म्हातारी माणसे रामदासचे नाव काढीत. नाव संताचे होते, पण समुद्राला वाचता येत नाही.

'टायटॅनिक'चेही तेच. ग्रीक पुराणात टायटन म्हणून महाबलाढ्य देव होते, त्यांवरून ते नाव. ती १९१२ च्या एप्रिलमध्ये पहिल्याच सफरीत हिमनगावर आपटून बुडाली. तिच्या दोन बहिणी, 'ऑलिंपिक' आणि 'ब्रिटॅनिक'. पैकी ऑलिंपिक पुष्कळ वर्षे व्यवस्थित चालली, पण तिचे नाव कोणाला माहीत नसते. जी बुडाली तीच प्रसिद्ध झाली.

आपल्या नौदलाची नावे मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहेत. नौदल एकेका जातीच्या जहाजांना एकेका प्रकारची नावे देते. काहींना शहरांची, काहींना नद्यांची, काहींना डोंगरांची. 'सह्याद्री' माझगाव गोदीत बांधली आणि ती २०१२ साली नौदलात आली. 'खांदेरी' ही पाणबुडी आहे. अलिबागजवळच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधलेल्या किल्ल्याचे ते नाव. पहिली खांदेरी १९६८ ची, ती निवृत्त झाल्यावर २०१९ साली दुसरी आली. 'करंज'चेही तसेच. 'विक्रांत'चे तर मोठे आहे. विक्रांत म्हणजे पराक्रमी. पहिली विक्रांत इंग्रजांकडून घेतली होती, तिचे आधीचे नाव 'हर्क्युलिस'. १९६१ ते १९९७ तिने सेवा केली. पुढे कोचीला आपल्याच लोकांनी नवी विमानवाहू नौका बांधली, तिला तेच नाव दिले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. जहाज मोडीत निघते, पण नाव पुढच्या जहाजावर चढते. आमच्या घरात पणजीचे नाव माझ्या चुलत बहिणीला ठेवले आहे, तसेच हे.

(लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी' आहे. ती डोंगरात कशी तरंगते, असे एकाने वर्गात विचारले. ते जहाज नसून नौदलाचे शिक्षण केंद्र आहे. नौदल आपल्या जमिनीवरच्या ठाण्यांनाही जहाजासारखीच नावे देते.)

लहान नौकांत मला तीन आवडल्या. 'म्हादई' ही शिडाची नौका गोव्यात बांधली. म्हादई म्हणजेच मांडवी नदी. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. दुसरी 'तारिणी', तीही गोव्याचीच. ओडिशात तारातारिणीचे देऊळ आहे, दर्यावर्दी लोक त्या देवीला मानतात. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि आणखी पाच जणी तारिणीतून जगाला फेरी मारून आल्या. तिसरी 'कौंडिण्य', जी २०२५ साली नौदलात आली. हिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने शिवलेल्या आहेत. तिचा आकार कोठून घेतला, तर आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातील एका चित्रावरून. आणि कौंडिण्य म्हणजे फार पूर्वी पूर्वेकडच्या देशात समुद्रमार्गे गेलेला, कथांतला भारतीय दर्यावर्दी. चौथीच्या सहलीत आम्ही अजिंठा पाहिला होता, पण चित्रातल्या जहाजाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

आता माझे कारण.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी वारा एकाएकी फिरला. पुष्कळ नौका बाहेर होत्या. रात्री आठच्या सुमारास बातमी आली की वायरलेसवर कोणीतरी ऐकले, 'एकवीरा'चे इंजिन बंद पडले आहे आणि पाणी आत येत आहे. एवढे बोलून आवाज तुटला. आमच्या बंदरात तेव्हा एकवीरा नावाच्या चार नौका होत्या. जय एकवीरा, आई एकवीरा, एकवीरा आई आणि एकवीरा प्रसाद. चारही समुद्रात. एकवीरा प्रसादवर माझे बाबा तांडेल होते.

त्या रात्री चार घरांत चूल पेटली नाही. आई दाराशी बसून होती. आजी देवापुढून उठली नाही. आपली असू नये असे मनात यायचे आणि लगेच वाटायचे, मग ती दुसऱ्या कोणाची तरी असणार. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचे बाबा आई एकवीरावर होते. शोधायला दोन नौका गेल्या, त्या आधी वेगळ्याच एकवीराच्या जाळ्याकडे गेल्या, कारण तिची जागा त्यांना माहीत होती. त्यात तीन तास गेले. पहाटे खरी नौका सापडली आणि तिला ओढून आणले. सगळी माणसे वाचली, एकाचा हात मोडला. बाबा दुपारी आले. त्यांना काहीच माहीत नव्हते, त्यांचा वायरलेस बिघडला होता. त्यांनी विचारले, "काय झालं? सगळी अशी का बघताय?" तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

गुरुजींनी सांगितले की, संकटात वायरलेसवर बोलायची जगभर एक रीत आहे. चॅनेल सोळावर तीनदा 'मेडे' म्हणायचे आणि मग आपल्या नौकेचे नाव तीनदा सांगायचे. तीनदा अशासाठी की वाऱ्यात आवाज तुटतो. बाबा म्हणाले, "तीनदा एकवीरा सांगून काय उपयोग, चौघींचं एकच." म्हणून नाव तोंडात सहज बसेल असे, नीट ऐकू येईल असे आणि बंदरात दुसऱ्या कोणाचे नसेल असे पाहिजे. नोंदणीचा क्रमांक असतोच. तो आयएनडी म्हणजे भारत, एमएच म्हणजे महाराष्ट्र, अशा अक्षरांनी सुरू होतो आणि दोन नौकांचा सारखा नसतो. २००८ साली दहशतवाद्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावली, तिच्यावरच्या खलाशांना मारले आणि ते मुंबईपर्यंत आले. तेव्हापासून नोंदणी आणि ओळखपत्र कडक झाले. पण घाबरलेला माणूस क्रमांक सांगत नाही, नाव सांगतो.

यंदा बाबांनी आणि काकांनी मिळून नवी नौका बांधायला घातली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा घरात रोज नावाची चर्चा. काका म्हणाले, "एकवीराच ठेवूया, आईनंच वाचवलं." बाबा बोलले नाहीत. माझ्या भावाने 'टायटॅनिक' सुचवले, त्याला ओरडा बसला. मी 'तारिणी' म्हटले. बाबांना पटत होते. पण आजी म्हणाली, "ते चांगलं हाय गो, पण आपल्या तोंडात बसत नाय."

मग तिनेच एक नाव सांगितले. आजी लहान असताना मुंबईहून कोकणात बोटी येत. 'चंपावती' नावाची एक बोट होती. बोट बाहेर खोल पाण्यात थांबे आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला येत. आजी आपल्या बापाच्या खांद्यावर बसून अशीच उतरली होती. ती म्हणाली, "चंपावतीनं आमाला कवा बुडवलं नाय." गुरुजींना विचारले तर ते म्हणाले की, रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदराचे जुने नावही चंपावती आहे.

काकांचा प्रश्न राहिला होता, आईचे काय. आजी म्हणाली, "आईची तसबीर आत केबिनमधी लाव. आईला वायरलेसवर कशाला बोलवायचं? ती बोलवल्याशिवाय येते." काका हसले आणि तयार झाले.

मी आणि माझी मैत्रीण बंदरावरच्या सगळ्या पाट्या पुन्हा वाचून आलो. चंपावती एकही नाही. परवा रंगारी आले. नाळेवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली क्रमांक लिहिला. रंगारी काकांनी आधी 'चपांवती' असे लिहिले होते, अनुस्वार पुढच्या अक्षरावर गेला होता. मी सांगितल्यावर त्यांनी तो पुसून नीट केला. नारळी पौर्णिमेला नौका पाण्यात ढकलणार आहेत. सर्वांनी यावे. रंग अजून ओला आहे, तोवर कोणी हात लावू नये.