आपली काळी नदी आणि वीज

जलविद्युत् म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सतलजवरील भाक्रा किंवा भागीरथीवरील टेहरी उभे राहते. हिमालयातही काळी नावाची एक नदी आहे. ती भारत व नेपाळ यांच्या सरहद्दीवरून वाहते, आणि तिच्यावरील पंचेश्वर धरणाची योजना १९९६ च्या महाकाली करारात आली आहे. परंतु कॅसलरॉकच्या विद्यार्थ्याने इतके दूर जाण्याचे कारण नाही. जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावणारी आपली काळी सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते.

हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी मिळते. आपल्या काळीला पावसाखेरीज आधार नाही. पाऊस चार महिन्यांचा, वीज मात्र बारा महिने हवी! म्हणून सुपा येथे, काळी व पांढरी यांच्या संगमाखाली, १०१ मीटर उंचीचे धरण बांधावे लागले. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. गाळाच्या बाबतीत मात्र आपण सुदैवी आहोत. हिमालयातील पाण्याबरोबर येणारी कठीण वाळू टर्बाइनची पाती झिजवते. सतलजवरील नाथपा-झाकरी येथे ती खाली बसविण्यासाठी डोंगराच्या पोटात मोठे कक्ष खोदावे लागले.

आता थोडा हिशेब करू. एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आले, तर ९८१ किलोज्यूल ऊर्जा, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट मिळते. यंत्रांतील घट वजा जाता पाव युनिट धरा. म्हणजे एका युनिटासाठी चार हजार लिटर पाणी! म्हणूनच एकच पाणी पुनःपुन्हा वापरले जाते. सुपा धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचे वीजगृह आहे. पुढे बोम्मनहळ्ळीच्या जलाशयातून तेच पाणी नागझरीच्या खोल दरीत उतरते. तेथील क्षमता सुमारे ९०० मेगावॅट आहे, कारण उतार तेथेच सर्वांत मोठा. त्याखाली कोडसळ्ळी १२० आणि कद्रा १५० मेगावॅट. कैगाच्या अणुवीज केंद्रालाही पाणी कद्राच्याच जलाशयाचे.

हिशेबाची दुसरी बाजू युनिटांत मांडता येत नाही. तालुक्याचे ठिकाण असलेले सुपा गाव पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, तालुक्याचे नावही बदलले. विस्थापितांसाठी रामनगर वसविण्यात आले. घराच्या बदल्यात घर देता येते, पण नदीकाठचे पिढ्यान्‌पिढ्या कसलेले भातखाचर तसेच्या तसे कोठून देणार? खालच्या अंगालाही प्रश्न आहेतच. ऑगस्ट २०१९ मध्ये कद्रा धरणातून पाणी सोडावे लागले तेव्हा काठच्या गावांत पूर आला. जलाशय वीजेसाठी काठोकाठ भरावा, की पुरासाठी थोडा रिकामा ठेवावा, याचे उत्तर वीजगृहातला अभियंता आणि कद्राखालचा शेतकरी सारखे देणार नाहीत.