परसदारी एक खोली

लंडनच्या वायव्येला हॅरो, वेम्बली, पिनर या बाजूंस, दोन महायुद्धांच्या दरम्यान आगगाडीच्या रुळांमागोमाग सेमी-डिटॅच्ड घरांच्या ज्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांतील एखादे घर पंचवीस वर्षांच्या कर्जावर घेऊन त्यात बिऱ्हाड मांडलेल्या मराठी कुटुंबाला, पहिली चार-पाच वर्षे सरली, मुले हाताशी आली आणि पुण्याहून किंवा सांगलीहून आईवडील महिनोन्‌महिने मुक्कामास येऊ लागले म्हणजे, एके दिवशी असे वाटू लागते की मागचे स्वयंपाकघर परसाच्या दिशेने तीनचार पावले पुढे सरकले असते तर बरे झाले असते. या बेतातून पार पडलेल्या, म्हणजे ज्यांची खोली उभी राहून तिच्या भिंतींना दुसऱ्यांदा रंग देण्याची वेळ आली आहे, अशा काही कुटुंबांशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यांतून पुढील टिपण सिद्ध केले आहे. त्यातील कायदेकानू इंग्लंडपुरते समजावेत. स्कॉटलंडचा आणि वेल्सचा कारभार निराळा आहे.

प्रथम ‘आर्किटेक्ट’ या शब्दाविषयी, कारण नवागताची पहिली फसगत येथेच होते. या देशात ही उपाधी कायद्याने राखीव आहे; 1938 पासून तिला संरक्षण मिळाले आणि आजचा कायदा 1997 चा आहे. आर्किटेक्ट्‌स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या पटावर ज्याचे नाव आहे त्यानेच इमारतीच्या धंद्यात स्वतःस आर्किटेक्ट म्हणवून घ्यावे, आणि हा पट कोणालाही विनामूल्य पाहता येतो. रिबा, म्हणजे 1834 मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश वास्तुविशारदांची रॉयल इन्स्टिट्यूट, ही निराळी संस्था. तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे. परंतु ‘आर्किटेक्चरल डिझायनर’, ‘प्लॅनिंग कन्सल्टंट’ किंवा नुसते ‘ड्रॉइंग सर्व्हिसेस’ अशी पाटी लावण्यास कोणाचीही मनाई नाही, आणि नकाशे काढण्यासही नाही. या पाट्यांमागे कधी अत्यंत वाकबगार माणूस असतो, कधी काल संगणकावर रेघा ओढावयास शिकलेला इसम. आपल्याकडेही 1972 च्या कायद्याने ही उपाधी राखीव केलेलीच आहे. मात्र तिकडची नोंदणी इकडे चालत नाही, आणि म्हणून जे. जे. मधून उत्तम रीतीने पदवीधर झालेला भाचा कितीही गुणी असला तरी, येथील बोर्डाच्या पटावर त्याचे नाव चढेपर्यंत, त्याला घरगुती सल्लागार म्हणावे आणि चहा पाजावा. सरळ चौकोनी, एक मजली, तीन मीटरच्या खोलीला नोंदणीकृत आर्किटेक्टच हवा असे मात्र मी म्हणणार नाही. चार्टर्ड आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्टकडून हेच काम चोखपणे करून घेतलेली घरे मी पाहिली आहेत.

उपाधीपेक्षा मोठा प्रश्न असा, की आपण त्याच्याकडून नेमके काय विकत घेत आहोत. ज्या ज्या घरी मनस्ताप झाला त्या त्या घरची हकीकत ऐकली असता, तिच्या मुळाशी आर्किटेक्टची अप्रामाणिकता क्वचितच आढळली. आढळली ती ही समजूत, की नकाशा आणि देखरेख या एकाच पुडीत बांधून मिळणाऱ्या वस्तू आहेत. आपल्या गावी ज्याने नकाशा पास करून आणला तोच पुढे साइटवर छत्री घेऊन उभा असे, गवंड्याला दटावी, सळया मोजी. इकडे हे सर्व तुकड्यातुकड्यांनी विकले जाते. रिबाच्या कार्यपद्धतीत कामाचे शून्यापासून सातपर्यंत आठ टप्पे केले आहेत, आणि स्वस्त वाटणारी बहुतेक कोटेशने तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे कौन्सिलच्या मंजुरीपाशी, थांबतात. मंजुरीच्या नकाशात खोली बाहेरून कशी दिसेल एवढेच कळते. पाया किती खोल, तुळई किती जाड, भिंतीत ऊबरोधक थर कोणता, पन्हळ कोठे उतरणार, यांपैकी कशाचाही त्यात पत्ता नसतो. तो पत्ता चौथ्या टप्प्याच्या नकाशांत लागतो, त्यांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे गणित लागते, आणि त्या इंजिनिअरची फी बहुधा वेगळी द्यावी लागते.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने, स्वभावतः हिशेबी असूनही, मंजुरीचे नकाशे हाती पडताच ते बिल्डरच्या स्वाधीन केले आणि आकडा मागितला. आकडा सुरेख आला. त्यानंतर मागची भिंत पाडल्यावर तुळईचा प्रश्न निघाला, तो सुटतो तोच पायाच्या खोलीचा निघाला, आणि दर शुक्रवारी एका चिटोऱ्यावर ‘जादा काम’ या सदराखाली नवी रक्कम येत गेली. तक्रार करण्यास जागा नव्हती, कारण जे नकाशात नव्हते ते करारातही नव्हते. नकाशा जितका मुका, तितका बिल्डर बोलका होतो. पुढे त्यांच्याच धाकट्या भावाने दुसऱ्या उपनगरात तशीच खोली बांधली तेव्हा चौथ्या टप्प्याचे नकाशे आणि सामानाची तपशीलवार यादी आधी करवून घेतली, तीच यादी तीन बिल्डरांस दिली, आणि तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. त्याचा बांधकामाचा खर्च कमी झाला असे नव्हे. पण तो आधी कळला.

माणूस शोधावा कोठे? डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे. तेथे गणपतीच्या दिवसांत प्रसादाच्या रांगेत उभे राहिले तरी बिल्डरांची चार-पाच नावे आपोआप कानी पडतात. ती लिहून घ्यावीत, परंतु त्यांवर भिस्त ठेवू नये. कारण शिफारस करणारा मनुष्य बहुधा काम संपल्याच्या आनंदात असतो आणि त्याचे घर आपल्या घरासारखे असतेच असे नाही. याहून अधिक भरवशाची एक युक्ती अनेकांनी सांगितली. आपल्याच रस्त्यावर, आपल्याच नमुन्याच्या घरांमागे ज्यांनी खोल्या बांधल्या आहेत, त्यांचे अर्ज कौन्सिलच्या नियोजन-दप्तरात सर्वांस खुले असतात. त्यांत नकाशे असतात, अर्जदाराच्या वतीने कोणी काम पाहिले त्याचे नाव असते, आणि अर्ज मंजूर झाला की फेटाळला हेही नमूद असते. एका संध्याकाळी बसून दहा-बारा अर्ज वाचले म्हणजे या गल्लीत काय चालते, अधिकारी कशास हरकत घेतात आणि कोणाचे नकाशे नीटनेटके आहेत, हे उलगडते. मग त्या घराची घंटा वाजवावी. इंग्रज गृहस्थ अनोळखी मनुष्याशी हवेविषयी जितक्या आपुलकीने बोलतो, तितक्याच आपुलकीने तो आपल्या बिल्डरविषयीही बोलतो.

दोन किंवा तीन जणांस घरी बोलवावे, आणि येताक्षणी टेप काढून मोजू लागणाऱ्यापेक्षा खुर्चीत बसून प्रश्न विचारणारा पसंत करावा. या घरांची मूळ रचना बहुधा अशी, की पुढे बैठकीची खोली, मागे जेवणाची, आणि तिला लागून अरुंद स्वयंपाकघर. मागच्या भिंतीला खोली जोडली की जेवणाच्या खोलीची एकुलती एक खिडकी नाहीशी होते, आणि काल जी उजेडाची खोली होती तिचे जुन्या वाड्यातले माजघर होऊन बसते. कोकणातल्या माजघराला निदान वैशाखाच्या दुपारी त्या अंधाराचा गारवा तरी लाभे; डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळणाऱ्या या मुलुखात अंधाराचे काही मोल नाही. छतात तावदान कोठे बसवावे, मधली भिंत किती उघडावी, जिन्याखालची जागा कशी वापरावी, हे ज्याला आपण न विचारता सुचते तो आर्किटेक्ट. उरलेले काम रेघांचे आहे.

आपणही काही गोष्टी संकोच न धरता सांगाव्यात. आजकाल स्वयंपाकघर, जेवणघर आणि बैठक एकाच दालनात उघडी ठेवण्याची रीत आहे, आणि ती छायाचित्रांत शोभून दिसते. पण ज्या घरात रोज मोहरी तडतडते आणि महिन्यातून दोनदा मासे तळले जातात, तेथील सोफ्याच्या गाद्यांनी याविषयी निराळी साक्ष दिली आहे. सरकते दार मागून घ्यावे. चुलीवरच्या चिमणीचा नळ भिंतीबाहेर काढावा, कारण हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारी चिमणी फोडणीपुढे हतबल होते. आणि स्वयंपाकघरात धुराने नव्हे तर उष्णतेने जागी होणारी घंटा बसवावी. देव्हारा कोठे ठेवणार आणि त्याजवळ समई लावणार, हेही सांगावे. गणपतीला तीस माणसे येतात तेव्हा साठ जोडे दारात पडतात, ही गोष्ट एका गृहिणीने सांगितली तेव्हा तिच्या आर्किटेक्टने ती टिपून घेतली आणि बाजूच्या अरुंद बोळाचे जोडेघर करून दिले.

फी ठरीव रकमेने, तासावर किंवा बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीने आकारतात. छोट्या कामास ठरीव रक्कम बरी. टक्केवारीत खर्च वाढला की फीही वाढते, ही अडचण उघड आहे. आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘अधिक व्हॅट’ लिहिलेले असल्यास 20 टक्के मनातल्या मनात मिळवावेत. करारनामा लेखी असावा, व्यावसायिक विम्याचा दाखला पाहावा, आणि नकाशांवरील हक्क सामान्यतः आर्किटेक्टकडेच राहत असल्यामुळे, मध्येच संबंध तुटल्यास ते नकाशे दुसऱ्याकडून पुढे नेण्याची मुभा आपल्याला राहील काय, हे आरंभीच लिहून घ्यावे.

परवानगीचा विषय थोडक्यात. मागच्या बाजूस एक मजली खोली सेमी-डिटॅच्ड वा रांगेतल्या घराला तीन मीटरपर्यंत, स्वतंत्र घराला चार मीटरपर्यंत, उंची आदींच्या अटी पाळून, नियोजनाच्या अर्जाशिवाय बांधता येते. शेजाऱ्यांस कळवून 42 दिवसांत निकाल मिळणाऱ्या पद्धतीने या मर्यादा सहा आणि आठ मीटरपर्यंत जातात. ही मोजणी ‘मूळ’ घरापासून होते, आणि मूळ घर म्हणजे 1 जुलै 1948 रोजी, किंवा त्यानंतर बांधले असल्यास बांधले तेव्हा, जसे होते तसे. पूर्वीच्या मालकाने 1985 साली काढलेली पडवी आपल्या तीन मीटरांत धरली जाते, हे ऐकून अनेकांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे. फ्लॅटला ही सवलत मुळीच नाही, संरक्षित वस्तीत ती आखडते. अर्ज लागत नसला तरीही कायदेशीरपणाचा दाखला कौन्सिलकडून घ्यावा. आणि बांधकाम-नियमांची तपासणी, बिल्डिंग कंट्रोल, हे सर्वस्वी निराळे खाते आहे. एकाची मंजुरी दुसऱ्यास चालत नाही.

शेजाऱ्याचे प्रकरण नाजूक. 1996 च्या सामाईक भिंतीच्या कायद्यान्वये, त्याच्या इमल्यापासून तीन मीटरांच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणावयाचे असल्यास एक महिना आधी, आणि प्रत्यक्ष सामाईक भिंतीस हात लावावयाचा असल्यास दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. चौदा दिवसांत त्याने संमती दिली नाही, तर मौन ही संमती न ठरता वाद ठरतो, सर्व्हेयर नेमावे लागतात आणि त्यांची फी बहुधा आपणच भरतो. ही नोटीस पत्रपेटीत अचानक येऊन पडली की सज्जन शेजाऱ्याच्याही कपाळाला आठी पडते. आधी स्वतः जावे, नकाशा दाखवावा, धूळ आणि आवाज किती आठवडे राहील ते खरे सांगावे. याच सुमारास परसातल्या मॅनहोलचे झाकण उचलून पाहावे. दोन घरांचा सामाईक मैलापाण्याचा नळ ऑक्टोबर 2011 पासून बहुतेक ठिकाणी पाणी-कंपनीच्या मालकीचा झाला आहे, आणि त्याच्या तीन मीटरांच्या आत बांधावयाचे तर तिची संमती लागते. ती मागणे कोणाकडे, आर्किटेक्टकडे की आपल्याकडे, हेही करारात असावे.

एका कुटुंबाने खोली बांधली, तीत अकरा वर्षे संसार केला, मुलीचे केळवण केले आणि मग घर विकावयास काढले. खरेदीदाराच्या वकिलाने बिल्डिंग कंट्रोलचा काम पुरे झाल्याचा दाखला मागितला तेव्हा असे निष्पन्न झाले, की शेवटच्या तपासणीस कोणी बोलावलेच नव्हते. आर्किटेक्टचे काम मंजुरीपाशी संपलेले, बिल्डर केव्हाच निवृत्त, आणि दप्तरात तो अर्ज अकरा वर्षे तसाच उघडा पडलेला. तपासनिसाला तुळई दाखविण्यासाठी नवे रंगविलेले छत फोडावे लागले आणि सौदा तीन महिने लांबला. शेवटची तपासणी कोण बोलावील हे म्हणून करारात नावानिशी लिहावे, आणि तो दाखला हाती पडेपर्यंत बिल्डरच्या रकमेतील अखेरचा हिस्सा राखून ठेवण्याची अट त्याच्या खालीच घालावी.