संगणक-जालकातील भारविभाजन आणि मराठी परिभाषा : परभणी जिल्ह्यातील कृषिव्यवहाराच्या संदर्भात

संगणकविषयक मराठी परिभाषा घडविताना दोन मार्ग प्रामुख्याने अवलंबिले जातात. इंग्रजी संज्ञा देवनागरीत उतरवून घेणे हा पहिला, आणि संस्कृत धातूंपासून प्रतिशब्द सिद्ध करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाची परंपरा शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’पर्यंत मागे जाते, १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांतूनही ती दिसते. लोकव्यवहारात रुळलेला शब्द नव्या अर्थासाठी योजणे हा तिसरा मार्ग मात्र बराचसा उपेक्षित राहिला. ‘लोड बॅलन्सिंग’ या एका संकल्पनेच्या आधारे त्या मार्गाची शक्यता तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी एकाच संकेतस्थळाकडे हजारो विनंत्या येतात. एका सर्व्हरला तो भार पेलत नाही. म्हणून अनेक सर्व्हर ठेवून त्यांच्यापुढे विनंत्या वाटून देणारी यंत्रणा बसवितात. या क्रियेस ‘भारनियमन’ म्हणणे शब्दशः चुकीचे ठरणार नाही. परंतु महाराष्ट्रात त्या शब्दाला वीज बंद ठेवण्याचा अर्थ कायमचा चिकटला आहे. रात्रीच्या विजेवर मोटार चालविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास ‘भारनियमन’ म्हटल्यावर सेवा थांबल्याचाच बोध होईल. येथे तर सेवा चालू राहणे अभिप्रेत आहे. ‘भारसंतुलन’ हा शब्द समान वाटपाचा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात अधिक क्षमतेच्या सर्व्हरकडे अधिक काम देण्याचीही पद्धत आहे. त्या दृष्टीने ‘भारविभाजन’ हाच शब्द अधिक निर्दोष ठरतो.

वाटपाच्या पद्धतींकडे वळले असता कृषिव्यवहार साहाय्यास येतो. जायकवाडीचा डावा कालवा आणि पूर्णा प्रकल्प यांच्या लाभक्षेत्रामुळे ‘पाळी’ हा शब्द परभणी जिल्ह्यात घरोघरी परिचित आहे. शेजपाळी पद्धतीत मंजूर मागणीनुसार लगतच्या क्रमाने एकामागून एक शेतास पाणी मिळते. ‘राउंड रॉबिन’ पद्धतीतील क्रमाचे तत्त्व हेच असल्याने तीस ‘पाळीवाटप’ म्हणता येईल. मात्र साम्याची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. कालव्यावर पाळी मागणाऱ्याची असते, जालकात ती सेवा देणाऱ्याची असते. अध्यापकाने हा भेद स्पष्ट केला नाही, तर शब्द कळूनही संकल्पना उलटी कळेल.

ज्या सर्व्हरकडे चालू जोडण्या सर्वांत कमी, त्याकडे पुढील विनंती पाठविण्याच्या पद्धतीला खुरपणीतील ‘पात’ अधिक जवळची आहे. जिची पात आधी संपते ती बाई नवी पात धरते. तेथे क्रम नव्हे, तर मोकळे हात काम ठरवितात. सर्व्हर चालू आहे की नाही, याची ठराविक अंतराने होणारी चौकशी म्हणजे निवृत्तिवेतनधारकाचा ‘हयातीचा दाखला’च होय. दाखला न आल्यास वेतन थांबते. उत्तर न आल्यास त्या सर्व्हरकडे विनंत्या जाणे थांबते. ‘हयात-तपासणी’ ही संज्ञा त्यावरून सहज सिद्ध होते.

असे शब्द शास्त्रास शोभत नाहीत, हा आक्षेप टिकणारा नाही. ‘राउंड रॉबिन’ हा शब्द पूर्वी तक्रारअर्जावर गोलाकार सह्या करण्याच्या रीतीसाठी वापरला जाई. पुढारी कोण हे कळू नये, हा तीमागील उद्देश. ‘सर्व्हर’ म्हणजे तर मुळात वाढपी. इंग्रजीने आपले लोकजीवन शास्त्रात नेले, आणि त्या शब्दांना प्रतिष्ठा वापरामुळे लाभली.

सारांश, परिभाषेची कसोटी शब्दाच्या कुळात नसून त्याच्या बोधक्षमतेत आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी संज्ञा पाठ करतो की समजून घेतो, हे पुष्कळ अंशी या निवडीवर अवलंबून राहते. कालव्यावरची पाळी आणि खुरपणीतील पात अनुभवलेल्या विद्यार्थ्याजवळ ही संकल्पना आधीच असते. तिला नाव देण्याचे काम तेवढे परिभाषाकाराकडे उरते.