रक्तगटाचा वारसा आणि 'बॉम्बे' गटाचा धडा

शाळेच्या ओळखपत्रावर नाव आणि पत्ता यांच्याखाली रक्तगटाची एक ओळ असते. ती एक-दोन अक्षरे म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून आपल्याला मिळालेल्या वारशाची खूण होय. त्या वारशाचे नियम शिकताना आपण बहुधा ए, बी, एबी आणि ओ या चार गटांपाशी थांबतो. या लेखात आपण एक पाऊल पुढे टाकणार आहोत. ज्या संशोधनामुळे ते पाऊल शक्य झाले, ते मीरा-भाईंदरपासून फार दूर झालेले नाही. लोकलने दादर किंवा प्रभादेवी गाठून परळला गेले की केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय लागते. तेथील डॉक्टरांनी 1952 साली जगाला एक नवा रक्तगट दाखवून दिला.

चार गट आणि तीन रूपे

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली माणसांचे रक्त एकसारखे नसून त्याचे गट पडतात, हे सिद्ध केले. त्यांना तीन गट आढळले होते. चौथा, एबी, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या कार्यासाठी लँडस्टायनर यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर जे विशिष्ट पदार्थ असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. ए गटाच्या पेशींवर ए प्रतिजन, बी गटाच्या पेशींवर बी प्रतिजन, एबी गटात दोन्ही, तर ओ गटात यांपैकी एकही नसतो. जो प्रतिजन आपल्या पेशींवर नाही, त्याच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात असतात. म्हणूनच न जुळणारे रक्त दिले, तर पेशींचे पुंजके होऊन त्या फुटतात आणि रुग्णाच्या जिवावर बेतते.

हा गुणधर्म वारशाने कसा येतो, याचे अचूक गणित फेलिक्स बर्नस्टाईन या जर्मन गणितज्ञाने 1924 साली मांडले. एकाच जनुकाची ए, बी आणि ओ अशी तीन रूपे असतात. प्रत्येकाला एक रूप आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. ए आणि बी ही रूपे प्रभावी आहेत व एकत्र आली तर दोन्ही प्रकट होतात. ओ हे रूप अप्रभावी आहे. त्यामुळे ए गटाच्या व्यक्तीत 'ए-ए' किंवा 'ए-ओ' अशी जोडी असू शकते. आईची जोडी 'ए-ओ' आणि वडिलांची 'बी-ओ' असेल, तर त्यांच्या मुलांत चारही गट संभवतात. आई एबी आणि वडील ओ असतील, तर मूल ए किंवा बी गटाचे असावे, ओ किंवा एबी गटाचे नसावे, असा नियम आहे. हे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते.

परळचे कोडे

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यापुढे असे रक्त आले की, पेशींच्या चाचणीत ते ओ गटाचे दिसे; परंतु त्याचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करी. ओ गटाच्या पेशींवर ए नाही, बी नाही. मग हा रक्तद्रव कशाशी लढत होता? लंडनमधील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्याचा उलगडा 'द लॅन्सेट' या नियतकालिकात 1952 साली प्रसिद्ध झाला. आपल्या शहराचे नाव त्या गटाला मिळाले व तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जाऊ लागला.

याचे स्पष्टीकरण सोपे आहे. भिंत असेल तरच तिला रंग देता येतो. रक्तपेशीवर 'एच' नावाचा एक मूळ पदार्थ असतो. ही झाली भिंत. ए जनुक तिच्यावर एक शर्करा जोडते, बी जनुक दुसरी जोडते, ओ काहीच जोडत नाही. एच पदार्थ घडवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, म्हणजे अगदी वेगळ्या ठिकाणी असते. आई आणि वडील या दोघांकडून त्याचे निष्क्रिय रूप आले, तर भिंतच उभी राहत नाही. मग ए किंवा बी जनुक अंगी असूनही ते पेशीवर प्रकट होऊ शकत नाही.

भारतात साधारणपणे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची आढळते. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एक इतके विरळ आहे. निष्क्रिय रूप अप्रभावी असल्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या न दिसता वाहिले जाते. एकाच पूर्वजाकडून आलेले असे रूप नात्यातल्या विवाहांत दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो.

यातून काय शिकावे?

पहिली गोष्ट जिवाची. 'ओ गटाचे रक्त कोणालाही चालते' हे वाक्य आपण पाठ करतो. बॉम्बे गटाच्या रुग्णाला मात्र ओ गटाचे रक्त घातक ठरते, कारण ओ पेशींवर एच पदार्थ सर्वांत अधिक असतो. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणून पेशींबरोबर रक्तद्रवाचीही चाचणी करावी आणि रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळवून पाहावे, हा नियम कितीही घाई असली तरी टाळता येत नाही. एखादी व्यक्ती या गटाची निघाल्यास तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी. पालकांत हे रूप केवळ सुप्त असेल, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारांत एक असते.

दुसरी गोष्ट न्यायाची. समजा, आईचा गट ओ नोंदला आहे, वडिलांचा ए आहे आणि मूल एबी गटाचे निघाले. नियम अर्धवट ठाऊक असलेला मनुष्य लगेच त्या मातेवर संशय घेईल. पण ती बॉम्बे गटाची असेल, तर तिच्या अंगी बी जनुक दडलेले असू शकते. वडिलांकडून एचचे सक्रिय रूप मिळताच मुलात ते प्रकट होते. अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 1955 साली नेमका असाच दडलेला वारसा एका कुटुंबात दाखवून दिला. पेशीवर जे दिसते तेवढेच अंगी असते, असे नाही. अपुऱ्या ज्ञानावर कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा त्या व्यक्तीवरील अन्याय आहेच, शिवाय विज्ञानाचाही विपर्यास आहे.

तिसरी गोष्ट समाजाची. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या दांपत्याने पहिल्या महायुद्धात सलोनिका आघाडीवर अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत भारतीय सैनिकही होते. ए आणि बी हे प्रतिजन त्यांना सर्वच लोकसमूहांत आढळले, फरक होता तो प्रमाणाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 सालच्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात रक्तशुद्धीसाठी जात हवी, हा दावा खोडून काढला होता. रक्तपेढीत त्याची प्रचिती येते. सख्ख्या भावाचे रक्त कधी जुळत नाही आणि ज्याचे नावगाव ठाऊक नाही त्याचे जुळते. रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते.

विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्ही रक्तदान करू शकाल. तोवर आपल्या घरातील सर्वांचे रक्तगट विचारून घ्या आणि वहीत त्यांचा वंशवृक्ष काढा. प्रत्येकाच्या नावापुढे कोणती जोडी संभवते, ते लिहा. एखादे उत्तर नियमात बसले नाही, तर कोणाकडे बोट दाखवू नका. पुन्हा चाचणी करून घ्या. परळच्या डॉक्टरांनीही न जुळणारा निकाल बाजूला टाकला नाही, त्याचे कारण शोधले, आणि त्यामुळेच आज असे रुग्ण वाचू शकतात.